पंखातली तार

आमचे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की यजमानांच्या आधी त्यांच्या मीटरची चौकशी करीत. दारात चपला काढता काढता त्यांची मान वर जाई. तारा कुठून आल्या, कुठे वळल्या, कुठे उगाच लोंबतात हे सगळे ते नजरेने चाचपून घेत आणि मगच "काय, कसं काय?" म्हणत. महाकाळाच्या गावात राहून या मुलाला देवापेक्षा विजेचा धाक जास्त, असे सासूबाई म्हणत. त्यावर भाऊजींचे उत्तर ठरलेले असे. "आई, देव चुकी माफ करतो. करंट नाही करत."

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या चाकरीतली. कुणी कारकुनी केली, कुणी खजिना सांभाळला. भाऊजींनी तेवढी वेगळी वाट धरली आणि उज्जैनच्या बिजलीघरात ओव्हरसियर झाले. मी साताऱ्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा संस्थान नुकतेच विलीन होऊन मध्यभारत झाला होता. नव्या घरात नव्या नवरीशी कुणी फारसे बोलत नव्हते. बोलले ते भाऊजी. पहिल्याच संध्याकाळी दिवे गेले, तसे अंधारातून त्यांचा आवाज आला, "वहिनी, घाबरू नका. लाईट चालली गेली आहे, मी आणून देतो." जणू लाईट शेजारच्या आळीत बसायला गेली होती. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षे झाली, पण घरातले दिवे गेले की मला आधी तोच आवाज आठवतो.

त्यांच्या या मीटर बघण्यापायी एक लग्न मोडले. आम्ही राहत होतो त्या फ्रीगंज भागातच मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चांगली शिकलेली, नाकीडोळी नीटस. ती पोह्यांची बशी घेऊन आली तेव्हा भाऊजी तिच्या डोक्यावरच्या बटणाकडे बघत होते. मुलीला प्रश्न विचारायची वेळ आली तशी त्यांनी तिच्या वडिलांना प्रश्न विचारला, "काका, ही वायरिंग कुणी केली?" वडिलांनी कौतुकाने नाव सांगितले. "मग त्याला परत नका बोलावू," भाऊजी म्हणाले, "ह्या घराला कधी ना कधी आग लागेल." मुलीकडून नकार आला. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. पुढे कळले की त्या लोकांनी नकार कळवला त्याच आठवड्यात सगळ्या घरातले वायरिंग बदलून घेतले. भाऊजींना एवढेच पुरे झाले. "रिश्ता नाही झाला, पण काम झालं ना," असे ते मला खुशीत सांगत होते.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. कुठल्याही बोर्डाच्या मागे ते वीतभर तार जास्त सोडत आणि तिचे छान वेटोळे करून आत दडवून ठेवत. उद्या घरमालकाला बोर्ड इकडचा तिकडे करायचा झाला तर नवी तार जोडावी लागू नये, म्हणून ही शिल्लक. "थोडी ढील ठेवावी, वहिनी. तारेत पण आणि माणसात पण," हे त्यांचे आवडते वाक्य. उज्जैनमधल्या किती भिंतींच्या आत त्यांची ती वेटोळी पडून असतील देव जाणे. लोक त्यासाठी त्यांना दुवा देत आणि भाऊजी तो दुवा अगदी ताठ मानेने घेत. विनय नावाची वस्तू त्यांच्याकडे नव्हती. स्वतःच्या कामाची तारीफ दुसऱ्याने करायची वाट बघत बसणे त्यांना वेळ घालवणे वाटे.

आणि चूक? ती भाऊजींची कधी नसेच. एकदा त्यांनी हौसेने अंगणात दाल-बाफल्यांचा, म्हणजे वरण आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, घाट घातला आणि सगळे बाफले बाहेरून कोळसा, आतून कच्चे निघाले. आम्ही पदराआड हसतोय तर हे गंभीरपणे म्हणाले, "बाफल्यांची काही चुकी नाही, माझी पण नाही. कंडे जरा जास्त जोशात होते." गोवऱ्यांवर आळ घेणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

मग ते विमान आले. म्हणजे ते होतेच. देवास रस्त्याच्या बाजूला एक कच्ची धावपट्टी होती, तिच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमध्ये दरबारच्या काळातले दोन माणसांचे छोटे विमान. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, आणि बसणाऱ्यांच्या डोक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले पंख. कधी काळी हौशी मंडळी त्यातून उडत असत. मग मंडळी पांगली आणि शेड कबुतरांना आणि उंदरांना आंदण मिळाली. एक जुना मिस्त्री तेवढा अधूनमधून येऊन इंजिन चालू करून बघे.

ते दिवसच हलवाहलवीचे होते. संस्थान जाऊन मध्यभारत आला, त्याचे जेमतेम बस्तान बसतेय तोच मध्यभारतही जाणार असे ठरले. नोव्हेंबरात नवे राज्य होणार होते, राजधानी भोपाळ. कचेऱ्यांची कपाटे दोरखंडांनी बांधली जात होती. ओळखीची माणसे बदलीचे हुकूम घेऊन निरोपाला येत. पाट्या रंगवणारा पेंटर तेवढा गावात सुखी होता. अशात भाऊजींना हुकूम आला की धावपट्टीच्या शेडचे कनेक्शन तोडून मीटर जमा करा. ते मीटर काढायला गेले आणि सवयीने मान वर करून विमानाच्या तारा बघत बसले. उंदरांनी काही ठेवलेच नव्हते. जे ठेवले होते त्याचे रबर माळव्याच्या उन्हाने पापडासारखे तडकले होते.

तिथे हजर असलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितले की विमान भंगारात जाणार. विजेचे काहीच चालत नाही, म्हणून उडायची परवानगी नाही. तेव्हा पंख कापायचे आणि ट्रकवर घालून न्यायचे. भाऊजी म्हणाले, "साहब, जो हवा से आया है, वो हवा से ही जाएगा. तार मैं डालूंगा." अधिकारी भले गृहस्थ होते. ते हसून म्हणाले, "ओवरसियर साहब, घर की वायरिंग में और हवाई जहाज की वायरिंग में फर्क होता है." भाऊजींना ते फार लागले. पण त्यांनी हट्ट सोडला नाही. इंदूरला जाऊन विमानाच्या परवानाधारक इंजिनिअरना भेटले, त्यांच्याकडून तारांचा नकाशा समजून घेतला आणि कबुली मिळवली: काम करा, मी येऊन तपासीन. पास झाले तर नव्या सरकारचे म्हणून भोपाळला उडत जाईल, नापास झाले तर ट्रक उभाच आहे.

घरी हे ऐकून सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "तुला रे काय पडलंय त्या विमानाचं? तुझ्या बापाचं आहे का?"

भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला. "आई, संस्थान गेलं, ठीक आहे. ऑफिसं चालली आहेत, जाऊ दे. सगळंच ट्रकवर लादून चाललं आहे. गावातली एक तरी चीज आपल्या पायाने जाऊ दे ना."  सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, म्हणजे परवानगी मिळाली.

माझा या प्रकरणात शिरकाव झाला तो शिंप्यामुळे. पंखात तार घालायची तर खालच्या बाजूचे कापड जागोजागी उसवावे लागणार आणि नंतर घट्ट शिवावे लागणार. भाऊजींनी फ्रीगंजातला आमचा शिंपी तिथे नेला. त्याने विमानाला एक फेरी मारली, पंखाखालून वर बघितले आणि हात जोडले. "भैयाजी, कुर्ता उधड़ जाए तो गाली खाऊंगा. ये उधड़ गया तो फांसी." आणि तो आल्या टांग्याने परत गेला. मी साताऱ्याला मुलींच्या शिवणवर्गात पहिली आले होते. "मी शिवते," असे म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून घरचे आटोपून भाऊजींबरोबर धावपट्टीवर जाऊ लागले. आळीतल्या बायकांनी नाके मुरडली. मला त्याचे काही वाटले नाही. विमानाला टाके घालणारी बाई सबंध माळव्यात दुसरी होती का, सांगा.

विमानाचा पंख आतून मी तेव्हा प्रथमच पाहिला. टोकापासून टोकापर्यंत लाकडाची लांब तुळई, तिला आडव्या पातळ फासळ्या, आणि फासळ्यांना मधे भोके. त्या भोकांतून तार न्यायची. शिवाय पंखाच्या मागच्या कडेला एक हलणारी फळी असते, जिच्यामुळे विमान डावी-उजवीकडे कलते. तिला ओढणारा पोलादी दोरही त्याच पंखातून जातो. भाऊजी पंखाच्या मुळाशी स्टुलावर उभे, मी टोकाशी. आधी सुतळी ओवायची, मग सुतळीला तार बांधून एकेका फासळीतून ओढायची. परकरात नाडी ओवताना ती जशी मधेच अडून बसते तशी तार अडे. मग भाऊजी तिच्याशी बोलू लागत. "ये बाई, ये. आता थोडंच राहिलं. असं नको करू, पाहुणे बघून राहिलेत." पाहुणे म्हणजे वर बसलेली कबुतरे. तार आली की प्रत्येक फासळीपाशी मेणाच्या दोऱ्याने तिला बांधायचे, कुठे घासू नये म्हणून खाली चामड्याचा तुकडा द्यायचा. एकही बांधणी त्यांनी मिस्त्रीवर सोडली नाही. त्यांच्यासारखी एकसारखी गाठ मला अजूनही जमत नाही.

मग माझे काम. वाकड्या सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, कापडाच्या दोन्ही कडा आत दुमडून टाका घालायचा. वर कापडाची पट्टी, आणि तिच्यावर मिस्त्री एक रोगण लावी, की कापड ढोलकीसारखे ताणून बसे. त्या रोगणाला पिकल्या केळ्यांचा वास. मी घरी आले की सासूबाई विचारत, "एकटीनेच खाल्लीस वाटतं केळी?"

एके दुपारी शेडची दारे ओढून अंधार केला आणि भाऊजींनी खटका दाबला. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा लागला. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आले. भाऊजींच्या नाही. "लागणारच होते," असे म्हणून ते फ्रीगंजात गेले आणि भेटेल त्याला पेढा देत सुटले. ज्या अधिकाऱ्यांनी फर्क सांगितला होता त्यांना मुद्दाम दोन पेढे दिले. इंजिनिअर परवा येणार होते. गावात बोलबाला झाला, की आपल्या बिजलीघरवाल्याने विमान दुरुस्त केले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विमानाला हळदकुंकू वाहायचे काढले. आम्ही तिघे टांग्यातून गेलो. त्यांनी नारळ वाढवला, नाकावरच्या फिरत्या पंख्याला कुंकू लावले, आणि म्हणाल्या, "एवढी आले आहे तर बसून बघते." भाऊजींनी आणि मिस्त्रीने त्यांना हाताला धरून आत बसवले. नऊवारी सावरत त्या समोरची, पंखातला दोर ओढणारी कांडी धरून बसल्या, आणि कांडी हातात आली की ती हलवावी हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यांनी ती एका बाजूला पार शेवटपर्यंत दाबली. मी डाव्या पंखाखाली उभी होते. माझ्या डोक्यावर, कापडाच्या आत, काहीतरी खर्रकन घासले.

"भाऊजी, इथे काहीतरी वाजलं," मी म्हणाले.

"पाल असेल," भाऊजी लगेच म्हणाले.

पण ते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी सासूबाईंना कांडी परत तशीच दाबायला सांगितली आणि कापडाला कान लावला. पुन्हा खर्र. त्यांचा चेहरा उतरला, आणि काय झाले ते त्यांनी न सांगता मला कळले. सवयीप्रमाणे त्यांनी पंखाच्या टोकापाशी ढील सोडली होती. वीतभर तारेचे सुबक वेटोळे. घराच्या भिंतीत काहीच हलत नाही, तिथे ते वेटोळे जन्मभर सुखाने पडून राहते. इथे शेजारून पोलादी दोर ये-जा करत होता. फळी पार टोकाला गेली की दोर वेटोळ्याला घासत होता. आज नुसता घासला. एखाद्या दिवशी हवेत अडकला असता तर विमान कललेलेच राहिले असते.

मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, इतनी पूरी तो कोई घुमाता भी नहीं. साहब को क्या मालूम पड़ेगा?" खरेच पडले नसते. दिवे लागत होते, शिवण पक्की होती, रोगण वाळले होते. गावभर पेढे वाटून झाले होते. उद्या इंजिनिअर येणार, आणि कापड उसवले तर ते पुन्हा शिवून, रोगण लावून वाळेल की नाही याची खात्री नव्हती. नाही वाळले तर ट्रक. मी भाऊजींकडे बघत राहिले. मला वाटले, आता उंदरांवर नाहीतर दोरावर आळ येणार.

"वहिनी, कात्री द्या," भाऊजी म्हणाले. "चुकी माझी आहे. घरात ढील ठेवायची असते, इथे नाही. साहेब बरोबर बोलले होते, फर्क असतो."

सासूबाई विमानातूनच म्हणाल्या, "अरे, पण उद्या..."

"उद्याचं उद्या, आई. ह्यात माणूस बसणार आहे."

माझ्या सगळ्या संसारात भाऊजींच्या तोंडून "चुकी माझी" हे शब्द मी तेवढ्याच वेळी ऐकले. आणि खोटे कशाला सांगू, पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा वाटला नव्हता एवढा मला त्यांचा अभिमान वाटला. मी त्यांना तिथेच तसे सांगितले. त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. मी माझीच शिवण माझ्या हाताने उसवली. उजव्या पंखातून आवाज येत नव्हता, तरी तोही उसवायला लावला, कारण तिथेही तेच वेटोळे होते. त्यांनी दोन्हीकडची जास्तीची तार कापली, टोके दिव्यापाशी ताठ बांधली, आणि मी पुन्हा टाके घालायला बसले. दिवस मावळायच्या आत शिवण संपली. मिस्त्रीने रोगणाचे हात दिले. सासूबाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत. पदराने पंखाला वारा घालत होत्या. त्याने रोगण वाळते का मला माहीत नाही, पण सकाळी ते वाळलेले होते.

इंजिनिअर आले, बरोबर विमान नेणारे कॅप्टन. काही विचारायच्या आत भाऊजींनी आपण होऊन सगळे सांगितले: ढील कुठे ठेवली होती, आवाज कसा आला, कापड कुठे उसवले. इंजिनिअरनी ऐकून घेतले. मग स्वतः कांडी टोकापासून टोकापर्यंत हलवायला लावून दोन्ही पंखांना कान लावला. शिवणीवरून बोट फिरवत विचारले, "ये सिलाई किसने की?" भाऊजींनी माझ्याकडे हात केला. "हमारी भाभी ने. सातारा की हैं." साताऱ्याचा त्यात काय संबंध होता कोण जाणे, पण मीही मान ताठ केली. इंजिनिअर म्हणाले, "जिसने तार डाली है, पहले वो बैठेगा." सही त्यानंतर होणार होती.

भाऊजी कधी दुमजली घराच्या गच्चीवरूनही खाली वाकून बघत नसत. ते आत जाऊन बसले. विमान उठले, शिप्रेवरून वळले, देवळांच्या शिखरांना एक फेरी घालून परत उतरले. भाऊजी खाली आले तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते आणि आवाज जरा बसलेला होता. मी विचारले, "कसं दिसतं हो आपलं गाव?"

"छान आहे," ते म्हणाले. "वरून एक पण तार दिसत नाही."

इंजिनिअरनी सही केली. दुपारी विमान जायला निघाले तेव्हा धावपट्टीच्या कडेला अर्धे फ्रीगंज जमले होते. ते अधिकारीही आले होते. त्यांनी भाऊजींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. विमान धुरळा उडवत धावले आणि उठले. आता ते पूर्वेकडे वळून जाणार, असे वाटत असतानाच एक मोठा वळसा घालून ते सरळ आमच्याकडे परत आले, अगदी खालून. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला हिरवा, असे दोन्ही दिवे लागलेले होते. भर उन्हात ते किती दिसणार? पण दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमान आमच्या डोक्यावरून गेले आणि देवास रस्त्याच्या झाडांवर लहान होत चालले.

"दिवसा लाईट?" भाऊजी पुटपुटले. "बॅटरी उतरेल ना." आणि असे म्हणता म्हणता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. विमान दिसेनासे झाले, टाळ्या थांबल्या, माणसे टांगे शोधू लागली, तरी त्यांनी ती परत घातली नव्हती.